काळा पडलेला पेला

बुधवारी दुपारी अडीचच्या सुमारास, कापिरी टेकडीखालच्या आमच्या चर्चमध्ये जवळजवळ चारशे माणसे दोन पेल्यांकडे पाहत बसली होती. पेले पांढऱ्या इनॅमलचे आणि निळ्या काठाचे होते. मलावीतल्या कोणत्याही बाजारात मिळतात तसेच. त्यांत लाल अंबाडीच्या फुलांचा पातळ काढा ओतलेला होता. द्राक्षारस आमच्या भागात मिळत नाही, म्हणून प्रभुभोजनाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हा काढाच वापरतो. दोन्ही पेले एकाच किटलीतून भरले होते. उजव्या पेल्यातला काढा लाल राहिला. डाव्या पेल्यातला मात्र पाच मोजण्याच्या आत निळसर, मग काळपट हिरवा झाला. साचलेल्या डबक्याचा असतो तसा.

पुढच्या बाकांवरच्या बायका नुसत्या मागे सरकल्या आणि लाकूड करकरले.

"मी काही बोललो नाही बरं का," संदेष्टा झेबुलोन म्क्विंडा म्हणाला. तो आवाज कधीच चढवत नसे. "मी कोण बोलणार? मी आपला नळ. टाकी वर आहे. नळाला विचारू नका पाणी असं का आलं. तीस वर्षं तुम्ही भांडलात. वर बसलेल्याला किती वेळ लागला? पाच अंक. मला तर तीनच मोजता आले, बाकीचे दोन भीतीनं विसरलो."

लोक हसले, आणि हसल्यावर त्यांची भीती वाढली. हे त्याचे कसब मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

मी इथल्या माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. चर्चमध्ये मी आईला दिलेल्या शब्दाखातर जातो, शेवटच्या बाकावर बसतो आणि प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतो. त्यामुळे मला एक गोष्ट दिसली होती. काढा ओतण्यापूर्वी म्क्विंडाने दोन्ही पेले आतून ओल्या फडक्यांनी पुसले होते. 'माणसाचा हात पुसून काढतो,' असे तो म्हणाला होता. फडकी दोन होती आणि पिशवीच्या दोन वेगवेगळ्या कप्प्यांतून आली होती. मी ते पाहिले, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. प्रशिक्षित माणसाने हे कबूल करून ठेवलेले बरे.

वाद बाप्तिस्म्याचा होता. आमच्या मंडळीत जोसाम फुलातिरा आणि लॅमेक कालिवो हे दोन ज्येष्ठ. तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडले की तो देवाच्या घरचा झाला, असे फुलातिरा मानत. ज्याला 'हो' म्हणता येत नाही त्याचा बाप्तिस्मा कसला, शहाण्या माणसाने समजूनउमजून नदीत बुडी घ्यावी, असे कालिवो मानत. पाळकांकडे अकरा प्रार्थनाघरे. ते दोन महिन्यांतून एकदा येत आणि दोघांचे ऐकून चहा पिऊन जात. तीस वर्षे दर रविवारी उपासनेनंतर दोघे आंब्याखाली बसून एकाच ताटातून मक्याचा घट्ट न्सिमा खात आणि भांडत.

"तुझ्या डोक्यात पाणी शिरलंय, लॅमेक," फुलातिरा म्हणत.

"शिरलंय ना? मग बुडालो म्हणायचं. तुझ्यावर नुसते चार थेंब पडले, ते पण वाऱ्यानं उडाले," असे कालिवोंचे उत्तर असे.

यातून कोणी कधी कोणाचे मत बदलले नाही. पण कालिवोंच्या बैलाला साप चावला तेव्हा नांगर फुलातिरांच्या बैलाने ओढला होता.

त्या वर्षी डिसेंबर अर्धा सरला तरी पाऊस आला नाही. मातीत टाकलेले मक्याचे बी मुंग्या उचलून नेत होत्या. म्क्विंडा मलावी सरोवराच्या बाजूने आला तो याच आठवड्यात. पाऊस का अडला हे त्याला माहीत होते. मंडळी दुभंगलेली आहे, म्हणून. आणि एक बाजू खोटी आहे, म्हणून. कोणती, ते पेले सांगतील.

पेल्यांनी सांगितले. डावा पेला फुलातिरांचा होता.

"आता एकच काम," म्क्विंडा म्हणाला. त्याने काळा पेला उचलून सगळ्यांना फिरून दाखवला. "खोटा बाप्तिस्मा घेतलेलं कोणीतरी तुमच्या पवित्र जमिनीत निजलंय. अगदी ताजं आहे. मला नाव माहीत नाही. वय दिसतंय. चार महिने."

नाव सगळ्यांना माहीत होते. फुलातिरांची नात म्वाई ऑक्टोबरात हिवतापाने गेली होती. तिची आई तमांदा स्त्रियांच्या रांगेत, खांबाशेजारी बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका उठून दुसरीकडे गेल्या, तेव्हा तिला कळले की हे आपल्याविषयी चालले आहे.

"शनिवारी सकाळी," म्क्विंडा म्हणाला, "ते लेकरू कुंपणाबाहेर न्यायचं. रागानं नाही, प्रेमानं. मग पाऊस."

गुरुवारी मी शाळेतली पर्जन्यमापकाची वही काढली. गेल्या चौदा वर्षांत पाच वेळा पहिला पाऊस पंधरा डिसेंबरनंतर पडला होता. त्या पाचही वर्षांत म्वाई जन्मलेली नव्हती. मी हे गिरणीवर रांगेत उभ्या असलेल्या लोकांना वाचून दाखवले.

"मास्तर, वहीला काय कळतंय," एक जण शांतपणे म्हणाला. "पेला सगळ्यांनी बघितला."

हातपंपावर तमांदा आली की दांडा हलवणारे हात थांबत. तिची घागर भरेपर्यंत कोणी बोलत नसे, आणि ती गेल्यावर तिच्या पावलांचे ठसे पायाने पुसले जात. संध्याकाळपर्यंत आणखी एक गोष्ट पसरली. म्क्विंडा कुंपणाजवळ उभा राहून बोटे दुमडत मोजताना दिसला होता. चर्चच्या आवारात लहान मुलांच्या आणखी सात कबरी होत्या. त्या सात घरांत त्या दिवशी चूल उशिरा पेटली. ज्यांची पाणी शिंपडून बाप्तिस्मा झालेली मुले जिवंत होती त्यांनी त्यांना अंगणातून आत बोलावून घेतले. कोणी कोणाशी भांडत नव्हते. तीस वर्षांत प्रथमच गाव बाप्तिस्म्यावर एक शब्द बोलत नव्हते, आणि ती शांतता मला भांडणापेक्षा वाईट वाटली.

मी फुलातिरांकडे गेलो. ते दारात बसून कुदळीचा दांडा तासत होते.

"कालिवो आले होते का?" मी विचारले.

"तो कशाला येईल? जिंकलेला माणूस शेजाऱ्याकडे कशाला येतो, मास्तर?" त्यांनी दांड्यावर फुंकर मारली. "मला हरल्याचं दुःख नाही. हरलो असेन. त्यानं मला हरवायला हवं होतं, तोंडानं. हे पेल्यानं हरवणं काय असतं? पेल्याला मी उलट काय विचारू?"

आतून तमांदाचा आवाज आला. "बाबा, शनिवारी मी तिच्या कबरीवरून उठणार नाही. त्यांना आधी मला उचलावं लागेल, हे सांगा मास्तरांना."

शुक्रवारी दुपारी मुले घरी गेल्यावर कालिवो आणि त्यांची बायको एस्नार्ट शाळेत आले. एस्नार्ट स्त्री-मंडळाची, प्रभुभोजनाची भांडी धुण्याचे काम तिचे. कालिवो दाराशीच उभे राहिले. एस्नार्टने बाकावर एक कापडात गुंडाळलेली बाटली ठेवली.

"तू सांग," कालिवो म्हणाले.

"तुम्ही सांगा. जिंकलात तुम्ही."

"एस्नार्ट."

"बरं. मास्तर, परवा तो काळा पेला मी धुतला. बोटं घसरली. गुळगुळीत, साबण नसताना. मला वाटलं घाम असेल. मग घरी येऊन भेंडी शिजवायला घेतली, त्यात चिदुलो ओतलं, बोट लागलं, आणि म्हटलं, अगं बाई, हेच ते."

चिदुलो आमच्या प्रत्येक स्वयंपाकघरात असते. केळीच्या साली किंवा शेंगांची टरफले जाळायची, राख भोकाच्या मडक्यात दाबायची, वरून पाणी घालायचे. खाली तपकिरी पाणी ठिबकते. ते घातले की भेंडी लवकर शिजते आणि हवी तशी बुळबुळीत, तार धरणारी होते. तो जोरकस क्षार असतो, हे मी गेली कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. अंबाडीचा लाल रंग क्षारात बदलतो, हेही लिहीत आलो आहे. दोन्ही वाक्ये एकत्र कधी लिहिली नाहीत.

त्याचे एक कारण आमच्या रिवाजात आहे. प्रभुभोजनाची किटली कधीही घरच्या चुलीजवळ नेत नाहीत. पाणी बाहेर उकळून आणतात, काढा चर्चच्या मागच्या खोलीत होतो आणि त्या खोलीत राख नेणे अपवित्र मानतात. अंबाडी देवाची, चिदुलो भेंडीचे. त्यामुळे या गावात दोन्ही पदार्थ रोज असूनही एकमेकांना भेटलेले कोणी पाहिले नव्हते. आमची श्रद्धा नेमकी जिथे नजर टाकत नाही ती जागा म्क्विंडाने हेरली होती.

प्रयोगशाळेच्या कपाटात अंबाडीची सुकी फुले होती. मी ती गरम पाण्यात टाकली, अर्धा पेला रस घेतला आणि एस्नार्टच्या बाटलीतले चमचाभर पाणी सोडले. रस निळसर झाला आणि मग काळपट हिरवा.

कालिवोंनी पेला उचलला, उजेडाकडे तिरपा केला आणि परत ठेवला.

"म्हणजे देव काहीच बोलला नाही," ते म्हणाले.

"पेल्यातून तरी नाही."

"मास्तर, तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा चूक आहे, हे मला अजूनही तितकंच खरं वाटतं. माझी माणसं आनंदात आहेत. तीस वर्षं आम्हाला हट्टी म्हणत होते. आता मी उठून हे बोललो तर ते म्हणतील, लॅमेकनं सत्य विकलं." त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. "तुम्हीच सांगा ना उद्या. तुमचा विषय आहे."

"मी सांगितलं तर शेवटच्या बाकावरचा माणूस बोलला म्हणतील. फुलातिरांनी सांगितलं तर हरलेला रडतोय म्हणतील. ज्याच्या बाजूनं कौल लागला त्यानंच तो तपासायला मागितला, तर ऐकतील."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर कबर खणली जाईल. पण ती तुमच्या नावानं खणली जाईल, हे तुम्हाला आज माहीत आहे. परवा माहीत नव्हतं."

एस्नार्टने बाटली पुन्हा कापडात बांधली. "मी तर जाणारच आहे," ती म्हणाली. "मला भेंडीबद्दल कोणी काय शिकवायचं."

मी कालिवोंना एकच गोष्ट सुचवली. म्क्विंडाला अडवू नका. त्याला पेले पुसू द्या. पुसून झाल्यावर, काढा ओतण्याआधी, पेल्यांची जागा बदला. मग रंग माणसामागे जातो की फडक्यामागे, एवढेच पाहायचे.

शनिवारी नऊ वाजता आवारात ऊन तापले होते आणि एक पानही हलत नव्हते. तमांदा छोट्या ढिगाऱ्यावर, पाय पसरून, दोन्ही हात मातीवर ठेवून बसली होती. तिच्यापासून दहा पावलांवर कबर खणणारे चौघे कुदळी घेऊन उभे होते. आमच्याकडे या माणसांना मान असतो. ते हो म्हणाल्याशिवाय कोणी पुरले जात नाही. त्यांचा म्होरक्या न्यांदोरो नावाचा जाडजूड, कमी बोलणारा माणूस होता.

"चला, मुलांनो," म्क्विंडा म्हणाला. "ऊन वाढतंय. ढगही वाट बघतायत."

"आम्हाला आत ठेवायला शिकवलंय," न्यांदोरो म्हणाला. "बाहेर काढायला कोणी शिकवलं नाही. आणि बुधवारी मी गिरणीवर होतो. मी काही बघितलेलं नाही."

"चारशे लोकांनी बघितलं."

"कुदळ त्या चारशेंच्या हातात द्या मग."

तेव्हा कालिवो पुढे आले. "संदेष्टे, पुन्हा दाखवा. माझ्याही मनात शंका आहे."

म्क्विंडाने त्यांच्याकडे पाहिले आणि तो हसला. जिंकलेला माणूस शंका घेतो ती केवळ शोभेसाठी, असे त्याला वाटले असावे. "बघा, जिंकल्यावरही नम्र. याला म्हणतात मोठ्या पाण्याचा माणूस. दाखवू. वरचा काही थकत नाही."

किटली आणि पेले आणले गेले. त्याने पिशवीतून पहिले फडके काढले, उजवा पेला पुसला. दुसरे काढले, डावा पुसला, आणि पुसताना पेल्याच्या तळाशी ते किंचित पिळले. मी या वेळी तेवढेच पाहत होतो. मग तो डोळे मिटून पुटपुटू लागला. कालिवोंनी दोन्ही पेले उचलले आणि शांतपणे अदलाबदल करून ठेवले. सगळ्यांनी ते पाहिले. म्क्विंडाने पाहिले नाही. त्याने डोळे उघडून किटली उचलली, ओतली.

फुलातिरांच्या जागचा पेला लाल राहिला. कालिवोंच्या जागचा काळा पडला.

आवारात कुजबूज वाऱ्यासारखी फिरली. म्क्विंडा क्षणभरच थांबला. "लॅमेक," तो हळूच म्हणाला, "तुम्ही देवाची परीक्षा घेतलीत. हात लावलात. अहंकार आला, म्हणून पेला काळा झाला. तीन दिवसांत सत्यवादी माणूस कसा घसरतो ते बघा, लोकहो." आणि काही माना खरोखरच हलल्या. मला त्या क्षणी जितकी भीती वाटली तितकी आधी वाटली नव्हती. त्याच्या बोलण्यात असा कोणताही निकाल नव्हता जो त्याला खोटा ठरवू शकला असता.

एस्नार्टने तिसरा पेला ठेवला. तिने किटलीतून काढा ओतला. लाल. मग कापड सोडून बाटली काढली.

"हे काय आहे, सांगा बघू," ती समोरच्या बायकांना म्हणाली, आणि बाटली त्यांच्या नाकाशी नेली.

"चिदुलो," एकीने म्हटले. "शेंगांच्या टरफलांचं. जरा पातळ आहे."

"पातळ तुझं असेल." एस्नार्टने चमचाभर ओतले. काढा काळा पडला. "यात कोणाचा अहंकार आहे? माझा? मी तर अजून काही बोललेच नाही."

न्यांदोरोने कुदळ खाली ठेवली, म्क्विंडाची पिशवी उचलली आणि दुसरे फडके काढून वास घेतला. मग ते चौथ्या पेल्यात पिळले. कालिवोंनी त्यावर काढा ओतला. एस्नार्टच्या पेल्याशेजारी तो पेला ठेवल्यावर कोणता कोणाचा हे सांगता येईना.

"भेंडी," न्यांदोरो म्हणाला. फडके त्याने पेल्याशेजारी ठेवले.

म्क्विंडाने पिशवी परत मागितली नाही. तो पाठ न दाखवता फाटकापर्यंत गेला, आणि त्याच्यामागे बावीस माणसे गेली. मी मोजली. त्यांत कालिवोंच्या बाजूची चौदा होती, फुलातिरांच्या बाजूची आठ. चारही पेले डोळ्यांसमोर असताना ती गेली. सध्या तो टेकडीपलीकडे आहे, आणि तिथे उपासासंबंधी दोन मते आहेत असे ऐकतो.

गर्दी पांगल्यावर फुलातिरा आणि कालिवो कबरीपाशी उभे राहिले.

"गप्प बसला असतास तरी चाललं असतं," फुलातिरा म्हणाले. "तू जिंकला होतास."

"तू चूक आहेस, जोसाम. आजही." कालिवोंनी डोळे पुसले. "पण ते मला तुझ्याशी बोलून तुला पटवायचंय. तुझ्या नातीच्या कबरीवर कुदळ मारून नाही. मी गुरुवारीच यायला हवं होतं. मला जिंकणं आवडलं, म्हणून आलो नाही."

फुलातिरांनी आंब्याकडे पाहिले. मग ते म्हणाले, "भूक लागलीय का?"

तमांदा उठली नाही. मी तिला सांगितले की आता धोका नाही.

"आज नाही," ती म्हणाली. "त्यांनी चार दिवसांत माझ्या शेजारी बसायचं सोडलं, मास्तर. चार दिवसांत. पुढचा येईल तो पेले आणणार नाही, दुसरं काहीतरी आणेल. तेव्हा तुमच्याकडे त्याची बाटली असेल का?"

माझ्याकडे त्याची बाटली असेलच असे नाही. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. तान्ह्या मुलाच्या कपाळावरचे पाणी खरे की नदीतले, हे रसायनशास्त्राला ठाऊक नाही. त्या चार पेल्यांनीही त्याविषयी काही सांगितले नाही. हा वाद आंब्याखाली, एकाच ताटाभोवतीच चालवावा लागेल, कदाचित आणखी तीस वर्षे. तो कंटाळवाणा आहे, आणि त्यातच गावाची सुरक्षितता आहे. जो कोणी येऊन तुमचे भांडण एका क्षणात मिटवून देतो, तो तुमच्याकडून शेजाऱ्याचे ऐकण्याचे काम काढून घेतो. अशा वेळी कौल तुमच्या बाजूने लागला असेल तर आधी तुम्ही उठा, आणि पेले बदलून पाहा.

दुपारी एस्नार्ट ताट झाकून घेऊन आली आणि तमांदाशेजारी मातीवर बसली. ताटात न्सिमा होता आणि भेंडी. दोघी संध्याकाळपर्यंत तिथेच होत्या.